रसवंतीच्या चिपाडातून लिग्निनचे नॅनोकण आणि त्यांवर टिकणारं निंबोळी तेलाचं इमल्शन

निंबोळी तेल फवारायचं म्हटलं की निफाड-दिंडोरीकडे बहुतेक जण ते साबणाच्या पाण्यात घोटतात. तेल मिसळतं, पण साबणाने पाणी अल्कधर्मी होतं, आणि तेलातला कामाचा घटक अ‍ॅझाडिरॅक्टिन टिकतो तो ४ ते ६ सामूच्या (पीएचच्या) दरम्यान. शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांनीही तो लवकर नष्ट होतो. या दोन्ही अडचणींवर एकाच पदार्थाचा उपयोग होतो, तो म्हणजे वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतलं लिग्निन. साबणाऐवजी त्याचे १०० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आसपासचे कण तेलाचे थेंब धरून ठेवतात, ते आम्लधर्मी पाण्यातच चांगलं काम करतात आणि अतिनील किरण शोषतात.

घन कणांनी तेल-पाणी धरून ठेवण्याच्या या प्रकाराला पिकरिंग इमल्शन म्हणतात. इमल्शन म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब टिकलेलं मिश्रण. रॅम्सडेन यांनी १९०३ मध्ये आणि पिकरिंग यांनी १९०७ मध्ये त्यावर लिहिलं. साबणाचा रेणू तेलाच्या थेंबावर येत-जात राहतो. कण मात्र एकदा तेल-पाण्याच्या सीमेवर बसला की सहसा सुटत नाही. ५० नॅनोमीटर त्रिज्येचा कण, सीमेवरचा ताण मीटरला २५ मिलिन्यूटन आणि स्पर्शकोन ८० अंश धरला, तर तो कण उपटायला रेणूंच्या उष्णतेच्या धडपडीपेक्षा तीस हजार पटींहून जास्त ऊर्जा लागते. ही ऊर्जा त्रिज्येच्या वर्गाने वाढते. म्हणून कण फार बारीक करण्याच्या मागे लागू नये.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. या कामात अपयश आलं की लोक मिक्सरला किंवा होमोजिनायझरला (तेल बारीक थेंबांत फोडणाऱ्या यंत्राला) दोष देतात. खरा घोळ बहुतेक वेळा पाण्यातल्या क्षारांचा आणि सामूचा असतो. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर धुण्याला आणि पाण्याला जास्त जागा दिली आहे ती त्यामुळेच.

चिपाड की द्राक्षकाडी?

नाशिकमध्ये छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग लागतात, त्यामुळे पहिला विचार त्यांचाच येतो. काडीत लिग्निन भरपूर असतं, पण ते लाकडाचं लिग्निन. साध्या भांड्यात, साध्या दाबाला कॉस्टिक सोड्यात ते फारसं सुटत नाही, दाबाचं भांडं लागतं. ऊस गवताच्या कुळातला आहे. त्याच्या लिग्निनमधले एस्टर बंध अल्कलीत सहज तुटतात. उसाच्या कोरड्या चिपाडात साधारण १८ ते २४ टक्के लिग्निन असतं आणि त्यातला बराच भाग ९० अंशांनाच विरघळतो. सुरुवात चिपाडानेच करा.

कारखान्याच्या बगॅसपेक्षा रसवंतीचं चिपाड ताजं मिळतं, पण त्यात लिंबाच्या साली आणि आल्याचे तुकडे असतात, ते वेचून काढा. चरकाचं ग्रीस लागलेले काळे तुकडेही टाकून द्या. चिपाड कडक उन्हात वाळवा, हाताने मोडलं की कडकन तुटलं पाहिजे. कडबाकुट्टीवर बारीक करा, मग दळून १ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा. हा भुगा ६० ते ७० अंशांच्या गरम पाण्यात अर्धा-अर्धा तास दोनदा भिजवून पिळा. साखर राहिली तर अल्कलीत ती जळून तपकिरी होते, लिग्निन भरपूर निघाल्याचा भास होतो आणि पुढे कण चिकट होतात. धुतलेला भुगा पुन्हा वाळवा.

लिग्निन काढणं

१०० ग्रॅम कोरड्या भुग्याला दीड लिटर पाणी आणि ३० ग्रॅम कॉस्टिक सोडा, म्हणजे २ टक्क्यांचं द्रावण. भांडं स्टेनलेस स्टीलचंच हवं. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात कॉस्टिक सोडा गेला की हायड्रोजन वायू सुटतो आणि भांडंही खाल्लं जातं. प्रेशर कुकर या कामाला कधीही वापरू नका. चष्मा, रबरी हातमोजे आणि हवेशीर जागा याबाबत सवलत नाही.

९० अंशांवर दोन तास ठेवा, दर दहा मिनिटांनी ढवळा, आटलेलं पाणी भरत राहा. रंग गडद चहासारखा होतो. थोडं निवलं की जाड कापडातून पिळून गाळा आणि चोथ्यावर २०० मिली गरम पाणी ओतून तेही त्यातच घ्या. हा काळा रस पुन्हा बारीक कापडातून वस्त्रगाळ करा.

आता आम्ल. २० टक्के सल्फ्युरिक आम्ल तयार करताना आम्ल पाण्यात, बारीक धारेने, थंड पाण्याच्या टबात भांडं ठेवून. पाणी आम्लात ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. आम्ल विकत घेताना दुकानदार ओळखपत्र मागतो, ते बरोबर ठेवा. काळा रस ढवळत असताना हे आम्ल थेंबाथेंबाने सोडा. वरच्या मापाला सामू २ पर्यंत आणायला साधारण २०० ते २२५ मिली लागतं. सामूच्या कागदी पट्ट्या इथे कामाच्या नाहीत, कारण लिग्निनचा तपकिरी रंग पट्टीचा रंग झाकून टाकतो. सामू ४ आणि ७ च्या बफरने (ठरलेल्या सामूच्या द्रावणाने) जुळवलेला मीटर घ्या. फेस येतो म्हणून भांडं निम्म्याहून जास्त भरू नका.

सामू २ ला आल्यावर थंडच गाळायला गेलात तर हाती बुळबुळीत चिखल येतो आणि फिल्टर पेपर दहा मिनिटांत बंद पडतो. तेच मिश्रण ६० अंशांवर अर्धा तास ठेवलं तर कण एकत्र येऊन दाणेदार होतात आणि पाणी झपाट्याने उतरतं. ७५ च्या वर मात्र जाऊ नका. ओलं लिग्निन मऊ पडून तळाला गोळा होतं.

धुण्याची पद्धत नीट पाळा. गाळलेला गोळा सरळ साध्या पाण्याने धुतला तर क्षार निघून जातात, लिग्निनवरचा ऋण भार मोकळा होतो आणि ते पुन्हा कोलॉइड होऊन, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांत सुटून, फिल्टरमधून निसटू लागतं. म्हणून आधी सामू २ च्या आम्लयुक्त पाण्याने तीन वेळा, दर वेळी ३०० मिली. शेवटी थंड डीआयोनाइज्ड (क्षार काढून टाकलेल्या) पाण्याने थोडं थोडं. खाली पडणारं पाणी तपकिरी-धूसर व्हायला लागलं की तिथेच थांबा. ४० अंशांवर, सावलीत किंवा ओव्हनमध्ये वाळवा. १०० ग्रॅम भुग्यातून ८ ते १२ ग्रॅम लिग्निन मिळालं तर काम चांगलं झालं समजा. २० ग्रॅम निघालं तर आनंद मानू नका. त्यात सिलिका, हेमिसेल्युलोज किंवा सोडियम सल्फेट मिसळलेलं आहे.

गाळून राहिलेलं आम्लधर्मी पाणी गटारात किंवा नाल्यात सोडायचं नाही, तो नाला शेवटी गोदावरीलाच जातो. चुन्याने सामू ७ वर आणा, साका बसू द्या. त्यातलं सोडियम सल्फेट जमिनीलाही नको असतं, त्यामुळे ते निवळ पाणी उथळ टाकीत आटवा आणि उरलेला क्षार वेगळा साठवून प्रयोगशाळेच्या कचऱ्याबरोबर द्या. पिळलेला चोथा भरपूर पाण्याने धुतल्यावर कंपोस्टला चालतो.

नॅनोकण

४ ग्रॅम कोरडं लिग्निन, १५० मिली अ‍ॅसिटोन, ५० मिली डीआयोनाइज्ड पाणी. अ‍ॅसिटोन-पाण्याचं हे ३:१ प्रमाण मुद्दाम आहे. निव्वळ अ‍ॅसिटोनमध्ये लिग्निन अर्धवटच विरघळतं, निव्वळ पाण्यात जवळजवळ नाहीच. झाकण लावून मॅग्नेटिक स्टररवर तीन तास ढवळा. अ‍ॅसिटोनची वाफ शून्याखाली २० अंशांनाही पेट घेऊ शकते, त्यामुळे त्या खोलीत गॅस, इस्त्री, ठिणगी पडणारं बटण, काहीही नको. एप्रिल-मे मध्ये हे काम सकाळीच उरका.

मग आधी साध्या फिल्टर पेपरातून आणि नंतर ग्लास फायबरच्या ०.७ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळा. सिलिका आणि हेमिसेल्युलोज या मिश्रणात विरघळत नाहीत, ते इथेच अडकतात. म्हणजे ही पायरी विरघळवण्याइतकीच शुद्ध करण्याचीही आहे, ती टाळू नका.

६०० मिली डीआयोनाइज्ड पाणी बीकरमध्ये घेऊन मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास ढवळत ठेवा आणि लिग्निनचं द्रावण त्यात एकदम, एका झटक्यात ओता. पाणी द्रावणात ओतायचं नाही, आणि थेंबथेंबही टाकायचं नाही. झटक्यात ओतलं की सगळीकडे एकाच वेळी कण जन्माला येतात आणि आकार सारखा राहतो. सावकाश ओतलं की आधीचे कण वाढत बसतात. ओतताक्षणी मिश्रण तपकिरी-दुधाळ होतं. अ‍ॅसिटोन आता १९ टक्क्यांच्या आसपास उरतं, कण घट्ट राहायला तेवढं पुरे. ते रोटरी बाष्पकात (कमी दाबाखाली फिरवत आटवणाऱ्या यंत्रात) ४० अंशांवर काढा आणि आटवत आटवत एकूण घनफळ ४०० मिलीपर्यंत आणा. रोटरी बाष्पक नसेल तर १२ ते १४ किलोडाल्टनच्या डायलिसिस नळीत (लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या आणि कण आत ठेवणाऱ्या पडद्याच्या नळीत) भरून डीआयोनाइज्ड पाण्यात दोन दिवस, दिवसातून तीनदा पाणी बदलून. त्याने क्षारही जातात, फक्त द्रावण पातळ राहतं.

पाण्याबद्दल. बोअरचं पाणी इथे चालत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन दोन भार वाहतात आणि ऋण भाराच्या लिग्निन कणांना एकमेकांना चिकटवतात. महापालिकेचं नळाचं पाणीही नको. गॅरेजच्या दुकानात मिळणारं बॅटरीचं डीआयोनाइज्ड पाणी चालतं, पण टीडीएस मीटर १० च्या खाली दाखवतो ना ते पाहून घ्या.

द्रवात कण किती टक्के आहेत ते मोजायलाच हवं. १० मिली द्रव वजन केलेल्या वाटीत १०५ अंशांवर पूर्ण वाळवा. ०.१ ग्रॅम उरलं तर १ टक्का. कमी भरलं तर पुढची सगळी मापं त्या हिशेबाने वाढवा.

कणांचा आकार आणि भार मोजायला डीएलएस यंत्र (विखुरलेल्या प्रकाशावरून कण मोजणारं) लागतं. ते फार्मसी आणि रसायनशास्त्राच्या विभागांत असतं, तिथे नमुना देता आला तर उत्तम. ८० ते १५० नॅनोमीटर आणि उणे ३० मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त ऋण झीटा (कणाच्या पृष्ठभागावरचा भार दाखवणारा आकडा) मिळाला तर निर्धास्त पुढे जा. यंत्र नसेल तर थोडा द्रव वीस पट पातळ करा. काचेतून आरपार पाहिलं तर लालसर आणि बाजूने पाहिलं तर निळसर झाक दिसायला हवी, आणि आठवडाभरात तळाला साका बसता कामा नये. आरपारही पांढुरकं गढूळ दिसलं तर कण मोठे झाले. बहुतेक वेळा धुणं अपुरं पडलेलं असतं.

हे कण वाळवून भुकटी करू नका. वाळताना ते एकमेकांत रुततात आणि पुन्हा सुटे होत नाहीत. द्रव स्वरूपातच, फ्रिजमध्ये ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नाही.

चिटोसानचा थर

नुसते लिग्निन कण सामू ७ ला इतके ऋण भारित असतात की तेलाच्या थेंबापर्यंत पोचण्याआधीच ढकलले जातात. तेलाच्या थेंबावरही ऋण भारच असतो. सामू ३.५ ते ४ वर आणून लिटरला अर्धा ते एक ग्रॅम मीठ घातलं तर नुसत्या कणांवरही इमल्शन होतं, पण थेंब मोठे येतात आणि टाकीच्या पाण्यात ते लवकर एकमेकांना चिकटतात. चिटोसानचा (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणाऱ्या, आम्लात धन भार घेणाऱ्या पदार्थाचा) पातळ थर दिला की भार धन होतो आणि कण तेलाकडे ओढले जातात.

कमी रेणुभाराचं, ८५ टक्क्यांहून जास्त डीअ‍ॅसिटिलेटेड चिटोसान १ ग्रॅम घेऊन १०० मिली, १ टक्का अ‍ॅसेटिक आम्लात रात्रभर ढवळा आणि गाळून घ्या. आता मात्रा ठरवायची. चार परीक्षानळ्यांत या द्रावणाचे ०.२५, ०.५, १ आणि १.५ मिली घ्या आणि प्रत्येकीत १० मिली लिग्निन द्रव ढवळत ओता. म्हणजे लिग्निनच्या ग्रॅममागे २५, ५०, १०० आणि १५० मिलिग्रॅम चिटोसान झालं. तासाभराने पाहा. जिथे भार बरोबर शून्याजवळ येतो तिथे कणांचे पुंजके होऊन खाली बसतात, त्याच्या पुढच्या नळीत द्रव पुन्हा एकसंध दिसतो. ही एकसंध दिसणारी सर्वांत कमी मात्रा तुमची. प्रत्येक घाण्याचं लिग्निन थोडं वेगळं असल्याने ही चाचणी दर वेळी करायची.

लिग्निन चिटोसानमध्ये ओतायचं, उलट नाही. उलट केलं तर प्रत्येक कण आधी शून्य भारातून सावकाश जातो आणि तिथेच गुंतून बसतो.

इमल्शनचं माप

तेलाच्या थेंबांचा पृष्ठभाग झाकायला पुरेसे कण हवेत, यावरून हिशेब मांडता येतो. १०० नॅनोमीटरचे, १.३ घनतेचे कण एका थरात दाटीने बसले तर चौरस मीटरला सुमारे ०.०७८ ग्रॅम लागतात. त्यावरून सोपं सूत्र निघतं: लिग्निन ग्रॅममध्ये = ०.४७ × तेल मिलीमध्ये ÷ थेंबाचा व्यास मायक्रोमीटरमध्ये. २० मिली तेलाला ०.७५ ग्रॅम कण दिले तर थेंब साडेबारा मायक्रोमीटरच्या आसपास थांबतील. त्याहून बारीक थेंब कितीही फिरवून टिकणार नाहीत. झाकायला कण उरलेच नाहीत, तर थेंब एकमेकांत मिसळून पुन्हा तेवढेच मोठे होतात. म्हणून होमोजिनायझरचा वेग वाढवण्याआधी हे गणित करा. प्रत्यक्षात काही कण पाण्यातच राहतात, त्यामुळे थेंब हिशेबापेक्षा थोडे मोठे येतात.

७५ मिली, १ टक्क्याचं लिग्निन घ्या. चाचणीत ५० मिलिग्रॅम ठरलं असेल तर पावणेचार मिली चिटोसान द्रावण सामू ४ च्या पाण्याने ५ मिली करून त्यात ते लिग्निन ओता. सामू ४ ते ४.५ असल्याची खात्री करा. अर्धा तास ढवळल्यावर २० मिली निंबोळी तेल. तेल गाळीव आणि ३० ते ३५ अंशांचं असू द्या. निफाडच्या थंडीत निंबोळी तेल घट्ट होतं, त्यात मेदाचे स्फटिक तयार होतात आणि ते थेंबाच्या कवचातून बाहेर येऊन शेजारच्या थेंबाला टोचतात. डिसेंबर-जानेवारीत बनवलेलं इमल्शन सकाळी फुटलेलं दिसतं ते बहुधा यामुळेच. साठवण २० अंशांच्या वर ठेवा.

रोटर-स्टेटर होमोजिनायझर असेल तर मिनिटाला १०,००० ते १२,००० फेऱ्यांवर तीन मिनिटं. पहिल्या मिनिटात तेल बारीक धारेने सोडा, भांडं थंड पाण्यात ठेवा, तापमान ४० च्या वर जाऊ देऊ नका. घरचा हँड ब्लेंडर चालतो, पण पातं द्रवात पूर्ण बुडलेलं ठेवा. हवा शिरली की कण हवेच्या बुडबुड्यांवर जाऊन बसतात आणि तेलाच्या वाट्याचे कमी होतात. तेल ३० टक्क्यांच्या वर नेऊ नका, आधी २० टक्क्यांवर हात बसू द्या.

एक थेंब साध्या पाण्यात टाका. सहज पसरला तर तेल आत आणि पाणी बाहेर, म्हणजे हवं तसं. वर तवंगासारखा तरंगला तर उलटं झालं. सूक्ष्मदर्शकाखाली ४० च्या भिंगातून थेंब गोल आणि सुटे दिसायला हवेत.

साय आणि फुटणं वेगळं

तासाभरात वर दाट थर आणि खाली तपकिरी पाणी दिसलं की घाबरून जाऊ नका. तेल पाण्यापेक्षा हलकं, आणि १० मायक्रोमीटरचा एकटा थेंब पाण्यात तासाला दीड सेंटीमीटर वर चढतो, २० चा तर सहा सेंटीमीटर. दाटीत वेग कमी होतो, पण साय धरतेच. बाटली दोनदा उलटी-सुलटी केल्यावर ती मिसळली तर इमल्शन ठीक आहे. फुटलेल्या इमल्शनची खूण म्हणजे सायीच्याही वर चकचकीत, स्वच्छ तेलाचा पट्टा. तो पट्टा मिलिमीटरमध्ये रोज मोजा, यंत्राशिवाय स्थैर्य मोजायची ही सर्वांत खात्रीची पद्धत आहे.

साय कमी करायची असेल तर ०.२ टक्के गवार डिंक घाला. झँथन डिंक मात्र चिटोसानच्या इमल्शनला घालू नका. तो ऋण भारित, थर धन भारित, दोघं मिळून दह्यासारखे गुठळे करतात. नुसत्या लिग्निनच्या इमल्शनला झँथन चालतो.

टिकवण्यासाठी ०.१ टक्का सोडियम बेंझोएट पुरतं, पण तो सामू ४.५ च्या खालीच काम करतो. तो घातल्यावर सामू पुन्हा तपासा.

टाकीत जाण्याआधी

२० टक्के तेलाचं इमल्शन लिटरला १५ ते २५ मिली म्हणजे तेल ३ ते ५ मिली. बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी आणि जड असतं. सामू साडेसहाच्या वर गेला की चिटोसानचा भार जातो आणि थेंबांचे पुंजके होतात. आधी टाकीतल्या पाण्याचा सामू सायट्रिक आम्लाने ५.५ वर आणा, मग इमल्शन घाला. एक लिटरच्या बरणीत हेच करून दोन तास ठेवा, गुठळ्या किंवा तवंग आला तर नोझल तुंबणार हे नक्की.

बोर्डो मिश्रणाबरोबर हे कधीच एकत्र करू नका, चुन्यामुळे ते अल्कधर्मी असतं. गंधकाची फवारणी झाली असेल तर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. गंधक आणि तेल एकत्र आले की पानं करपतात. आधी चार-पाच वेलींवर फवारून काही दिवस पाहा, आणि मणी धरल्यावर घडांवर मारूच नका. तेलाने मण्यांवरचा पांढरट मेणाचा थर जातो, लिग्निनचे तपकिरी डाग राहतात, आणि निर्यातीच्या बागेत असा माल नाकारला जातो. निर्यातीसाठी नोंदवलेल्या बागेत तर ही फवारणी नकोच, प्रयोगाला बांधावरच्या किंवा घरच्या वेली घ्या. बाटलीत भरून विकायचा विचार असेल तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी झाल्याशिवाय ते करता येत नाही.